गुरुजींचे स्टेटस, साहेबांची सही

१. पारावरचा प्रश्न

निवडणूक लागली की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावागावांत एक प्रश्न हमखास निघतो. अमुक गुरुजी तर उघडउघड त्या गटाचे. त्यांना मतदान केंद्रावर बसवतातच कसे? पूर्वी हा प्रश्न कुजबुजीत विरून जायचा. आता त्याला पुरवणी जोडली जाते: त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पाहा, फेसबुकवर कोणाच्या फोटोला लाइक दिले ते पाहा; सरकारकडे एवढी यंत्रे आहेत, मग सगळ्या कर्मचाऱ्यांची अशी तपासणी एका झटक्यात का होत नाही?

प्रश्न भाबडा नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके, विधानसभेचे १२ मतदारसंघ आणि लोकसभेचे २ मतदारसंघ आहेत. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवती इथले राजकारण शंभर वाटांनी फिरते आणि त्यावर सोयऱ्याधायऱ्यांचे जाळे पसरलेले असते. अशा जिल्ह्यात जन्मलेला, शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस कोणत्याच गटाच्या सावलीत नाही, असे होणे अवघडच. इथले प्राथमिक शिक्षक तर स्वतःच्या शिक्षक बँकेची निवडणूक मंडळे बांधून हिरिरीने लढवतात. राजकारण त्यांना शिकवावे लागत नाही. दुसरीकडे निकालही कधीकधी केसाच्या अंतरावर येऊन थांबतात. २०२४ च्या विधानसभेला कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार आणि राम शिंदे यांच्यातला फरक होता १,२४३ मतांचा. एवढ्या फरकात केंद्रावरचा माणूस कसा वागला, याची शंका हरणाऱ्याला येणारच.

या प्रकरणाचे म्हणणे असे: डिजिटल साधनांनी कर्मचाऱ्यांच्या तटस्थतेवर नजर ठेवता येते आणि ठेवावीही, पण ती नजर गुरुजींच्या स्टेटसवर नव्हे, साहेबांच्या सहीवर हवी. माणसाला काय वाटते हे शोधायला निघालेले यंत्र चुकते आणि धोकादायकही ठरते. माणसाने हातातल्या अधिकाराचे काय केले याची नोंद ठेवणारे यंत्र फार उपयोगी पडते. हा फरक समजायला आधी कायद्याला तटस्थता म्हणजे काय अभिप्रेत आहे, ते पाहावे लागेल.

२. कायदा मनात डोकावत नाही

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांतला नियम ५ राजकारणासंबंधी आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत; सूर तोच. राजकीय पक्षाचे सदस्य व्हायचे नाही, प्रचार करायचा नाही, निवडणुकीत आपले वजन वापरायचे नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर पक्षाचे चिन्ह लावणे म्हणजेसुद्धा वजन वापरणे, असे नियमच सांगतो. मात्र त्याच नियमात एक गोष्ट मान्य केलेली आहे, जी पारावरच्या चर्चेत हटकून विसरली जाते: कर्मचारी मत देऊ शकतो, फक्त ते कोणाला देणार किंवा दिले हे त्याने जाहीर करायचे नाही. म्हणजे कायद्याला कोऱ्या मनाचा कर्मचारी नको आहे. त्याचे मत आहे, ते तो देणार आहे, हे गृहीत धरूनच नियम लिहिलेला आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ आणखी नेमका आहे. कलम १२९ निवडणुकीच्या कामावरच्या अधिकाऱ्यांना उमेदवारासाठी काम करण्यास मनाई करते, कलम १३४-क शासकीय नोकराला उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसू देत नाही आणि कलम १२३(७) नुसार शासकीय नोकरांची मदत घेणे हा उमेदवाराचा भ्रष्टाचार ठरतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत हे कर्मचारी कलम २८-क प्रमाणे निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. आयोग त्यांना निलंबित करू शकतो, कामावरून हटवू शकतो, विभागीय कारवाईची शिफारस करू शकतो. अंतिम शिक्षा मात्र त्यांचे खातेच करते.

कलम १२३(७) चा देशाला ठाऊक असलेला दाखला म्हणजे १२ जून १९७५ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द केली, तेव्हा वाद कशावर होता? यशपाल कपूर हे अधिकारी शासकीय सेवेत असताना प्रचारात उतरले का, यावर. राजीनामा कोणत्या तारखेचा, तो मंजूर केल्याची अधिसूचना कोणत्या तारखेची, भाषण कोणत्या तारखेचे. दुसरा मुद्दा सभेचे व्यासपीठ आणि विजेची सोय सरकारी यंत्रणेने केली, हा. या अधिकाऱ्यांच्या मनात पंतप्रधानांविषयी किती आदर होता हे न्यायालयाने मोजले नाही. तारखा, आदेश आणि हातून झालेले काम एवढ्यावर पंतप्रधानांची खुर्ची हलली. संगणक नसलेल्या काळातली ही गोष्ट आजच्या संगणकाला काम नेमून देताना फार उपयोगाची आहे.

३. आजची यंत्रे काय पाहतात

जिल्ह्यातल्या लोकांना माहीत असलेले साधन म्हणजे सी-व्हिजिल अ‍ॅप. आयोगाने ते २०१८ मध्ये आणले. आचारसंहितेचा भंग दिसला की नागरिकाने तिथल्या तिथे फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढायचा. जागेची नोंद आपोआप होते, फोनमध्ये आधी साठवलेला फोटो चालत नाही, नाव न देताही तक्रार करता येते. तक्रार जिल्हा नियंत्रण कक्षाकडून भरारी पथकाकडे जाते, पथक जागेवर जाऊन पाहणी करते आणि निवडणूक निर्णय अधिकारी निर्णय देतो. हे सगळे १०० मिनिटांत व्हावे असा आराखडा आहे. याखेरीज पथकांच्या वाहनांवर जीपीएस, केंद्रांवर वेबकास्टिंग, मतमोजणीच्या कक्षात कॅमेरे.

यात काय सापडते हेही पाहू. २०२४ च्या लोकसभेला मार्चअखेरपर्यंत देशभरातून ७९,००० हून अधिक तक्रारी या अ‍ॅपवर आल्या, असे आयोगाने जाहीर केले. त्यांतल्या सुमारे ७३ टक्के बेकायदा फलक आणि बॅनरच्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसते तेच सापडले. फलक भिंतीवर असतो, त्याचा फोटो निघतो. पण टंचाईत पाण्याचा टँकर कोणत्या वस्तीला आधी आणि कोणत्या वस्तीला दोन दिवसांनी, याचा फोटो निघत नाही. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेरच्या दुष्काळी पट्ट्यात मे महिन्यात मतदान असेल, तर अधिकाऱ्याच्या हातातली खरी सत्ता ही. २०२४ मध्ये जिल्ह्यात लोकसभेचे मतदान १३ मे रोजी झाले होते. टँकरच्या खेपांची नोंद आणि जीपीएसची माहिती तहसील कार्यालयात असतेच. निवडणुकीच्या काळात ती माहिती आयोगाच्या निरीक्षकासमोर ठेवली, तर दहा हजार स्टेटस चाळूनही मिळणार नाही ते एका तक्त्यात दिसेल.

नगरच्या वाचकाला हे दूध संकलन केंद्रावरून पटकन कळावे. तिथले यंत्र दुधातले फॅट मोजते. दूध घालणारा कोणत्या गटाचा, त्याने गेल्या वेळी कोणाला मत दिले, हे ते मोजत नाही आणि मोजू लागले तर गावात मारामाऱ्या होतील. यंत्राचा उपयोग तेवढ्याचसाठी: दूध दुधासारखे मोजले गेले का? तेही यंत्र कोणी तपासले आणि आकडा कोणी लिहिला, हा प्रश्न उरतोच. त्याकडे शेवटी येऊ.

४. जालन्यातला कॅमेरा

अधिकाऱ्याच्या कामाची नोंद कॅमेऱ्याने केली तर काय होते, याचे मराठी मुलखातले सर्वांत बोलके उदाहरण जालन्याचे आहे. २०१४ च्या विधानसभेला तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते की खोतकरांचे उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतले गेले. पुरावा? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर आयोगाच्याच सूचनेने लावलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. अहिल्यानगर ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्याच औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही निवड रद्द केली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोतकरांचे अपील फेटाळले.

या खटल्यात दोन धडे आहेत. पहिला असा की अर्ज उशिरा घेण्यामागे पक्षपात होता, ढिलाई होती की गोंधळ, हे ठरवावेच लागले नाही. घड्याळात तीन वाजून गेले होते का, एवढाच प्रश्न. अधिकाऱ्याचे मन वाचण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आणि न्याय्य.

दुसरा धडा जरा तांत्रिक आहे, पण सामान्य वाचकाने समजून घ्यावा असा. डिजिटल पुरावा न्यायालयात ठेवताना त्यासोबत एक प्रमाणपत्र लागते: हे चित्रण अमुक यंत्रातून आले, यंत्र तेव्हा नीट चालू होते. तेव्हाच्या पुरावा कायद्यात हे कलम ६५-ख होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. गोरंट्याल यांनी प्रमाणपत्र वारंवार मागूनही निवडणूक यंत्रणेने ते दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, मात्र मागणाऱ्याने शक्य ते सगळे केले आणि ते देणे दुसऱ्याच्याच हातात असेल, तर त्याची अडवणूक होऊ नये. म्हणजे ज्याच्या वागण्यावर संशय, त्याच्याच कपाटात पुराव्याची किल्ली. आणि काळही पाहा: अंतिम निकाल लागेपर्यंत ती विधानसभा संपून पुढची निवडणूक झाली होती आणि तिच्यात गोरंट्याल निवडूनही आले होते.

५. आदेशाचा जन्मक्षण

कॅमेऱ्यापेक्षा साधे आणि माझ्या मते जास्त परिणामकारक साधन कागदावरच छापलेले असते. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयावर अठरा अंकी संगणक संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ अंक तारीख सांगतात आणि पुढचे चार तास-मिनिटे. समजा एखाद्या संकेतांकाची सुरुवात २०२४१०१५१९१० अशी आहे. फोड करा: २०२४, १०, १५, १९, १०. म्हणजे हा संकेतांक १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी तयार झाला. त्याच दिवशी दुपारी आयोगाने महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक जाहीर केली आणि आचारसंहिता लागू झाली. आता या कल्पित आदेशावर वर कोणतीही तारीख छापलेली असो, शाळेतल्या मुलालाही त्याचा जन्मक्षण काढता येतो.

हे केवळ उदाहरणापुरते नाही. त्या ऑक्टोबरात आचारसंहिता लागल्यावरही संकेतस्थळावर चढलेल्या शासन निर्णयांवरून वाद उठला आणि आक्षेपांनंतर अनेक निर्णय मागे घ्यावे लागले. कोणाच्या फोनमध्ये डोकावावे लागले नाही.

हीच पद्धत जिल्ह्याच्या पातळीवर आणता येते. जिल्हा परिषदेतल्या कामांची प्रशासकीय मान्यता, ठेकेदाराला दिलेला कार्यारंभ आदेश, निधीचे वितरण, कर्मचाऱ्यांच्या बदल्या, लाभार्थ्यांच्या याद्यांतले फेरफार. ई-ऑफिसमधली फाइल कोणी कधी उघडली, कोणी शेरा मारला, कधी डिजिटल सही झाली, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवते. आचारसंहितेच्या आधीच्या आठवड्यात आणि ती लागल्यावरच्या दोन दिवसांत झालेल्या सह्यांची यादी निरीक्षकाला आपोआप जावी, एवढी सोय केली तरी पुष्कळ काम होईल. मागच्या तारखेने सही करण्याची जुनी कला कागदावर चालायची. यंत्रातल्या घड्याळावर ती अवघड जाते. मात्र सगळ्या फाइली ई-ऑफिसमध्ये असतील तरच. निवडणुकीच्या तोंडावर एखादे कार्यालय अचानक कागदी फाइलीकडे वळले, तर तीच पहिली खूण समजावी.

६. मन वाचणाऱ्या यंत्राचे गणित

आता पारावरच्या मूळ मागणीकडे येऊ: सगळ्यांची समाजमाध्यमे तपासणारे सॉफ्टवेअर आणा. आधी गणित. जिल्ह्यात मतदान केंद्रेच साडेतीन हजारांहून जास्त. प्रत्येक केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी धरले तरी चौदा हजार माणसे. पोलीस, पथके, राखीव धरून सोयीसाठी २०,००० म्हणू. समजा त्यांतले १ टक्का, म्हणजे २००, खरोखर पक्षपाती आहेत. आणि सॉफ्टवेअर उत्तम, १०० पैकी ९५ वेळा बरोबर ओळखणारे. ते २०० पैकी १९० जणांना पकडेल, वाहवा होईल. पण उरलेल्या १९,८०० निर्दोष माणसांतल्या ५ टक्क्यांवर, म्हणजे ९९० जणांवरही ते बोट ठेवेल. एकूण यादी ११८० जणांची आणि तिच्यातले सहापैकी पाच जण निर्दोष. हे आकडे कल्पित आहेत, पण तिढा खरा आहे: दोषी थोडे आणि तपासायचे सगळेच असले, की चांगले यंत्रसुद्धा बहुतांशी चुकीच्या माणसांची यादी देते. त्या ९९० जणांना मतदानाच्या तोंडावर कारणे दाखवा नोटिसा गेल्या, तर निवडणूक घ्यायला माणसे कुठून आणायची?

आणि ९५ टक्के हा आकडाही उदार आहे. आपल्याकडची निवडणूक चिन्हे रोजच्या पाहण्यातली: घड्याळ, मशाल, कमळ, हात, धनुष्यबाण. शाळेच्या क्रीडा महोत्सवात मशाल पेटणार, तिसरीच्या वर्गात घड्याळ शिकवले जाणार, कागदाचे कमळ दर वर्षी होणार. २०२४ च्या लोकसभेत तुतारी वाजवणारा माणूस आणि अपक्षांना मिळालेली पिपाणी यांत खुद्द मतदारांचा घोटाळा झाल्याची तक्रार शरद पवारांच्या पक्षाने केली होती. नगरी बोलीतला टोमणा, उपरोध, आडनाव न घेता मारलेला शेरा यंत्राला कळेल ही अपेक्षा तर सोडूनच द्या.

समजा यंत्राने बरोबर ओळखले, तरी पुढे काय? त्रिपुरातले एक प्रकरण इथे नेमके लागू पडते. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या काही दिवस आधी निलंबित करण्यात आले. आरोप होता राजकीय सभेला हजर राहिल्याचा आणि फेसबुकवर राजकीय मजकूर लिहिल्याचा. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने म्हटले की सभेला हजर असणे आणि सभेत सहभागी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शासकीय नोकर झाला म्हणून माणूस अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क गमावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १९६२ मध्ये बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात मांडले होते. आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचा उपाय, या तिन्ही कसोट्या पार कराव्या लागतात. २०,००० माणसांचे फोन चाळणे तिसऱ्या कसोटीवरच कोसळते.

७. पण म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला मोकळे रान?

इथे वाजवी आक्षेप येतो. आजचा प्रचार चावडीवर नाही, फोनवर होतो. तिकडे डोळेझाक केली तर नियम ५ नावापुरता राहील. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर त्याच कसोटीत आहे: अधिकार वापरला का? गुरुजींनी स्वतःच्या स्टेटसवर नेत्याचा फोटो ठेवला, तर नियमभंग असू शकतो, पण तो त्यांच्या परिचितांपुरता. तोच फोटो त्यांनी इयत्ता चौथीच्या पालकांच्या गटात टाकला तर गोष्ट वेगळी. त्या गटातले दीडशे नंबर त्यांना शिक्षक म्हणून मिळालेले आहेत. अंगणवाडी सेविकेचा मातांचा गट, ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा योजनांचा गट, केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडची मतदारांची यादी, हे सगळे खुर्चीने दिलेले आहे. तिथला संदेश म्हणजे खुर्चीचा वापर. आणि तो पकडायला पाळतीची गरजच नाही, कारण गटातले दीडशे लोक साक्षीदार असतात. तक्रार आली की चौकशी करावी, मूळ फोन पाहावा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये, तो कोणालाही बनवता येतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: माणसाची चौकशी गटबाजीने बरबटते, यंत्र तरी निःपक्ष असते. यंत्राला नियम माणूसच देतो, हे इथे विसरले जाते. २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय काढला. १९७९ चे नियम समाजमाध्यमांच्या आधीचे, त्यामुळे काहीतरी हवेच होते. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, बदली झाल्यावर कार्यालयीन खाते सोपवून जा, या सूचना शहाण्या आहेत. पण शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, हेही त्यात आहे. शासकीय योजनांची माहिती द्यायला मात्र वाव आहे. एरवी यात गैर काही नाही. निवडणुकीत मात्र सत्ताधाऱ्यांचा प्रचार योजनांवरच उभा असतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये हाच प्रचार होता. याच नियमांवर यंत्र बसवले, तर टीका करणारा सापडेल आणि योजनेचा गजर करणारा सुटेल. सरकारशी निष्ठा आणि पक्षांमध्ये तटस्थता या दोन गोष्टींची गल्लत यंत्र निमूटपणे हजारो वेळा करील, आणि यंत्राने सांगितले म्हणून कोणी वाद घालणार नाही.

तिसरे म्हणणे असे की निर्दोष माणसाला भीती कशाची. इथे घरांकडे पाहावे. स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत; पत्नी सरपंच किंवा पंचायत समिती सदस्य आणि पती जिल्हा परिषदेच्या शाळेत, अशी घरे दुर्मिळ नाहीत. पत्नीच्या प्रचाराचा फोटो घरातल्या फोनवर असणारच. शिवाय हे कर्मचारी मतही देतात, टपाली मतपत्रिकेने. आपल्यावर नजर आहे ही भावना मतपत्रिकेपर्यंत पोहोचली, तर गुप्त मतदानाचाच पाया खचतो. अमेरिकेत १९३९ च्या हॅच कायद्याखाली बहुतेक संघराज्य कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेर, पदाचा उल्लेख न करता राजकीय मत मांडता येते आणि कामावर असताना अजिबात नाही. काही संवेदनशील पदांना बंधने जास्त. आपल्याकडे शिपाई आणि जिल्हाधिकारी एकाच मापाने मोजले जातात, हे बदलायला हवे.

८. पाळत न ठेवता

गुरुजींना केंद्रावर बसवतातच कसे, याचे खरे उत्तर तसे आधीच अस्तित्वात आहे. निवडणूक कार्यालयाच्या भाषेत त्याला सरमिसळ म्हणतात. पहिल्या फेरीत संगणक कर्मचारी निवडतो, पण मतदारसंघ सांगत नाही. दुसऱ्या फेरीत, निरीक्षकासमोर, चौघांचे पथक आणि मतदारसंघ ठरतो, केंद्र कळत नाही. केंद्र कळते ते तिसऱ्या फेरीत, निघायच्या वेळी. स्वतःच्या किंवा नोकरीच्या मतदारसंघात नेमणूक होत नाही. गुरुजी अकोले तालुक्यातल्या गटाचे असतील तर असोत. त्यांना जायचे आहे श्रीगोंद्याला, तीन अनोळखी सहकाऱ्यांबरोबर, सुमारे तीनशे केंद्रांपैकी कोणत्या ते निघेपर्यंत माहीत नाही. अंतराची सोय पाहावी लागते म्हणून प्रत्यक्षात चिठ्ठ्या इतक्या मोकळ्या नसतात, तरीही संगनमताला जागा फार थोडी उरते. कोणाचे मत काय, हा प्रश्नच इथे गैरलागू होतो.

फट आहे ती दुसरीकडे. संगणक सरमिसळ करतो ती त्याला दिलेल्या यादीची. यादीतून कोणाची नावे वगळली, कोणत्या वैद्यकीय दाखल्यावर, कोणाच्या शब्दावर? तिसऱ्या फेरीनंतर ऐनवेळी राखीव कर्मचारी कोणाच्या जागी गेला? हे बदल माणूस करतो आणि ते करणारा हुद्द्याने वरचा असतो. त्या प्रत्येक बदलाची वेळ, कारण आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव नोंदले जावे आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवले जावे. नजर वर वळली पाहिजे, ती यासाठी.

९. चित्रण कोणाच्या कपाटात

दूध केंद्रावरचा राहिलेला प्रश्न आता घेऊ: यंत्र कोणी तपासले, आकडा कोणी लिहिला? मतदान केंद्रांवरचे चित्रण कोणाला पाहता येते? डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वांसाठी खुल्या असलेल्या कागदपत्रांतून वगळल्या गेल्या. ३० मे २०२५ रोजी आयोगाने कळवले की निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका दाखल झाली नाही तर चित्रण नष्ट करावे. आयोगाची बाजू टाकाऊ नाही. चित्रणात मतदार दिसतात. कोण आले, कोण आले नाही हे त्यावरून काढून गावात सूड उगवता येतो. सर्वांसाठी इंटरनेटवर ते मोकळे करावे, असे म्हणता येणार नाही.

पण ४५ दिवसांचा हिशेब उमेदवाराच्या सोयीचा आहे. याचिकेची मुदत तेवढीच असते. कर्मचाऱ्यावरची विभागीय चौकशी मात्र महिनोन् महिने चालते. केंद्राध्यक्षाने एका गटाच्या मतदारांना रांग मोडून आत घेतले असा आरोप झाला आणि सहाव्या महिन्यात चौकशी अधिकाऱ्यासमोर तो उभा राहिला, तर त्याला निर्दोष ठरवू शकणारे चित्रण तोवर पुसलेले असेल. खरोखर दोषी असलेलाही त्याच कारणाने सुटेल. उपाय खर्चिक नाही. ज्या केंद्राच्या कर्मचाऱ्याला नोटीस निघाली, त्या केंद्राचे त्या वेळेचे चित्रण ४५ दिवसांच्या नियमातून बाहेर काढावे. त्याचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून गणिताने निघणारा आणि एक क्षण बदलला तरी बदलणारा आकडा, त्याच दिवशी नोंदवावा. कलम ६३ चे प्रमाणपत्र तेव्हाच तयार करावे, म्हणजे जालन्यासारखे कोणाला मागत फिरावे लागणार नाही. आणि नोटिशीसोबत त्या तुकड्याची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी, तक्रारदाराला ती कार्यालयात बसून पाहता यावी. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आयोगाच्या परिपत्रकात चार ओळी वाढवाव्या लागतात.